चिप ओळखून उघडणारा फीडर: अनेक प्राण्यांच्या घरात मांजरांचे वजन राखताना

एकाच घरात दोन-तीन मांजरे आणि सोबत एखादा कुत्रा असला, की त्यांपैकी एकाचे वजन उतरवणे हा त्या एकाच्या वाटीपुरता प्रश्न राहत नाही. जाड मांजराचे खाद्य कितीही काटेकोरपणे मोजून दिले, तरी शेजारच्या वाटीवर डल्ला मारायची मुभा त्याला असेल, तर ते मोजमाप वहीत लिहिण्यापुरतेच उरते. शिवाय ज्याची वाटी लुटली जाते ते बहुधा घरातले म्हातारे, आजारी किंवा भित्रे मांजर असते, त्यामुळे एकाचे वजन वाढत असताना दुसऱ्याचे कोणाच्या लक्षात न येता घटत जाते. प्राण्याच्या कातडीखालची मायक्रोचिप वाचून फक्त त्याच्यासाठीच झाकण उघडणारे जे फीडर मिळतात, ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून विकले जातात. आमच्याकडे असे दोन फीडर बऱ्याच काळापासून रोजच्या वापरात आहेत. ते कोणी घ्यावेत आणि घेतल्यावर त्यांच्याकडून कशाची अपेक्षा धरू नये, हे सविस्तर लिहावेसे वाटले, कारण विक्रीच्या मजकुरावरून जे चित्र उभे राहते त्याहून प्रत्यक्ष वापर बराच वेगळा आहे. कंपनीचे नाव लिहिलेले नाही. या रचनेचे फीडर एकाहून अधिक कंपन्या बनवतात आणि पुढचे बहुतेक मुद्दे या साऱ्या प्रकाराला लागू पडतात.

आमच्या घरी तीन मांजरे आणि एक कुत्रा आहे. ढब्बू हा नसबंदी झालेला मध्यमवयीन बोका. नसबंदीनंतर मांजरांची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, त्याप्रमाणे त्याचे वजन वाढत वाढत ६.४ किलोंवर गेले होते. मनी ही म्हातारी मांजर असून तिची मूत्रपिंडे कमकुवत झाल्यामुळे तिला कमी फॉस्फरसचे आणि मर्यादित प्रथिनांचे उपचारात्मक खाद्य दिले जाते. चिंगी अजून वर्षाची झालेली नाही, त्यामुळे तिला वाढीच्या वयातले, अधिक ऊर्जा देणारे खाद्य लागते. मोती हा मध्यम आकाराचा कुत्रा आहे आणि मांजरांचे खाद्य त्याला स्वतःच्या खाद्यापेक्षा कितीतरी अधिक प्रिय आहे. म्हणजे चार प्राण्यांना चार निरनिराळी खाद्ये, आणि त्यातले प्रत्येक दुसऱ्याला कमी-अधिक अपायकारक. वजन उतरवणाऱ्या मांजराला स्नायू टिकवण्यासाठी भरपूर प्रथिने हवीत, तर मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या खाद्यात ती बेताची ठेवलेली असतात. या दोन वाट्यांची अदलाबदल रोज होत राहिली, तर दोघांचेही उपचार वाया जातात.

फीडरविषयी लिहिण्याआधी मापाविषयी लिहिणे भाग आहे, कारण माप ठरलेले नसेल तर कुठलेही यंत्र निरुपयोगी आहे. मांजर जाड आहे की नाही हे ठरवण्यासाठी पशुवैद्य १ ते ९ अंकांची मापनपद्धती वापरतात. डॉ. डॉटी लाफ्लाम यांनी ती मांजरांसाठी १९९७ साली मांडली. तिच्यात ५ म्हणजे योग्य बांधा: बरगड्या हलक्या स्पर्शाला लागतात, वरून पाहिल्यावर कंबर दिसते आणि पोटाखाली चरबीची झोळी फारशी नसते. पाचाच्या वरचा प्रत्येक अंक म्हणजे योग्य वजनापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त वजन. आमच्या पशुवैद्यांनी ढब्बूला ७ अंक दिला आणि त्याचे योग्य वजन ५ किलो धरले. ऊर्जेचा हिशेब असा करतात, की योग्य वजनाच्या किलोंचा ०.७५ वा घात घेऊन त्याला ७० ने गुणायचे. ५ किलोंसाठी हा आकडा सुमारे २३४ किलोकॅलरी येतो, आणि वजन उतरवण्यासाठी त्याच्या ८० टक्क्यांपासून, म्हणजे दिवसाला सुमारे १८७ किलोकॅलरींपासून, सुरुवात करण्याची पद्धत आहे. ज्या सुक्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३६० किलोकॅलरी असतात, त्याचे हे दिवसभराचे ५२ ग्रॅम झाले.

हा ५२ ग्रॅमचा आकडा हातात आल्यावर शेजारच्या वाटीचे महत्त्व ध्यानात येते. चोरून खाल्लेले १० ग्रॅम खाद्य म्हणजे ३६ किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या मापाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मूठभरसुद्धा नाही, चार-पाच घास, पण तेवढ्याने सगळा हिशेब कोलमडतो. खाद्यासोबत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या मापाने इतका फरक सहज पडू शकतो, म्हणून फीडरच्याही आधी स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा विकत घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मांजर तोलण्यासाठीही माणसांचा काटा पुरेसा नसतो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के घट सुरक्षित मानली जाते, ६.४ किलोंच्या मांजराची एक टक्का घट म्हणजे ६४ ग्रॅम, आणि १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणाऱ्या काट्यावर ती दिसणारच नाही. तान्ह्या बाळांना तोलण्याचा काटा या कामासाठी उत्तम.

आता यंत्राकडे येतो. चिप ही तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी असते आणि ती मांजराच्या खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचलेली असते. तिच्यात सेल नसतो. वाचणाऱ्या उपकरणाच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळालेल्या ऊर्जेवर ती आपला क्रमांक कळवते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हा क्रमांक १५ अंकी असतो आणि चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालते. जुन्या काही चिपा वेगळ्या वारंवारितेच्या असतात, त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्या मांजराची चिप पशुवैद्यांकडून वाचून घ्यावी आणि तो प्रकार फीडरला चालतो का हे पाहावे. फीडरच्या वाटीवर एक कमान असते. मांजराने तिच्यातून डोके घातले की कमानीतले उपकरण चिप वाचते आणि नोंदवलेला क्रमांक असेल तर झाकण मागे सरकते. वाचण्याचे अंतर जेमतेम काही सेंटिमीटर असते. काही मांजरांची चिप वर्षांनुवर्षांत खांद्यावरून खाली, कोपराकडे सरकलेली असते आणि ती कमानीला सापडत नाही. त्यांच्यासाठी गळपट्ट्याला लावायची चकती मिळते. मात्र गळपट्टा ओढ बसताच आपोआप सुटणाराच असावा, कारण न सुटणारा पट्टा कुठे अडकला तर मांजराच्या जिवावर बेतू शकते.

किती फीडर घ्यायचे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते बहुतेक ग्राहक उलट्या बाजूने शोधतात. जाड मांजरासाठी फीडर हवा, असे पहिल्यांदा कोणालाही वाटते. पण ढब्बूची वाटी कुलूपबंद करून काहीच साधत नाही, कारण त्याच्या वाटीत अन्न उरतच नाही. पुढ्यात आले की तो ते मिनिटाभरात फस्त करतो. जपायची असते ती सावकाश, थोडे थोडे खाणाऱ्यांची वाटी. मांजराचा मूळ स्वभाव दिवसभरात अनेकदा, उंदराएवढे लहान घास घेण्याचा आहे, आणि मनी अजूनही तशीच खाते: दोन घास, मग झोप, मग पुन्हा दोन घास. तिची अर्धवट भरलेली वाटी हाच ढब्बूच्या वजनवाढीचा मुख्य स्रोत होता. म्हणून आम्ही एक फीडर मनीला आणि दुसरा चिंगीला दिला. ढब्बूचे ५२ ग्रॅम चार भागांत विभागून, त्यातला निम्मा हिस्सा पंजाने ढकलून एकेक दाणा काढावा लागेल अशा खेळण्यातून त्याला मिळतो आणि उरलेला साध्या वाटीत. तीन मांजरे असलेल्या घरात तीन फीडर लागतीलच असे नाही, हे दुकानदार सांगणार नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

सवय लावण्यासाठी फीडरमध्ये जी व्यवस्था दिलेली आहे, तिचे कौतुक केले पाहिजे. सुरुवातीला झाकण कायम उघडे ठेवून त्यात खाद्य द्यायचे, मग चिप नोंदवायची, आणि त्यानंतर शिकवणीचे बटण दाबले की झाकण प्रत्येक टप्प्यावर थोडे अधिक सरकू लागते. पहिल्या टप्प्यात ते जागच्या जागी किंचित हलते एवढेच. चिंगीने या साऱ्याकडे खेळ म्हणून पाहिले आणि तिला कुठलाच टप्पा अवघड गेला नाही. मनीची गोष्ट निराळी. मोटरचा बारीक घरघर आवाज होताच तिचे कान मागे वळत, मान आक्रसत असे, आणि ती दोन पावले मागे जाऊन वाटीकडे पाहत बसे. तिच्यासाठी प्रत्येक टप्पा आम्ही सूचनापुस्तिकेत दिल्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस चालू ठेवला, आणि ती आवाज होत असतानाही खात राहते हे पाहिल्यावरच पुढचा टप्पा घेतला. वृद्ध किंवा बुजऱ्या मांजराच्या बाबतीत इथे घाई अजिबात करू नये. एकदा भीती बसली, की त्या यंत्राजवळ ते मांजर पुन्हा फिरकेल याची शाश्वती नाही, आणि आजारी मांजराने जेवण टाकणे परवडणारे नसते.

आम्ही जो प्रकार घेतला त्याच्या तळाशी काटा आहे, आणि कोणत्या वेळी कोणाच्या चिपवर झाकण उघडले व किती ग्रॅम खाद्य कमी झाले, हे तो फोनवरच्या अॅपमध्ये नोंदवतो. हा प्रकार साध्या फीडरपेक्षा महाग असतो, पण ज्या घरात एखादे मांजर आजारी आहे, त्या घराने तोच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाची भूक मंदावणे हे बऱ्याचदा बिघाडाचे पहिले लक्षण असते. तीन मांजरांच्या घरात रिकाम्या झालेल्या वाटीवरून ते कळण्याची सोय नसते, कारण वाटी कोणी ना कोणी रिकामी करतेच. अॅपमधल्या आलेखावर मात्र सकाळच्या फेऱ्या कमी झाल्या, एका फेरीत आठऐवजी तीनच ग्रॅम खाल्ले गेले, हे लगेच दिसते. पशुवैद्यांना दाखवायला अशी नोंद हाताशी असली, की "नीट खाते का?" या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागत नाही.

पण याच नोंदींनी आम्हाला काही काळ पेचात टाकले, आणि तो प्रसंग नीट सांगितला पाहिजे. फीडर स्थिरावल्यानंतर मनीच्या नावावरचे खाणे आलेखात वाढू लागले, आणि काट्यावर तिचे वजन मात्र उतरत गेले. म्हाताऱ्या मांजराचे खाणे वाढूनही वजन घटत असेल, तर थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक किंवा मधुमेह असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासतात, आणि आमच्या पशुवैद्यांनी त्याप्रमाणे रक्त तपासून घेतले. दोन्ही बाबतींत काही निघाले नाही. मग फीडरजवळ कॅमेरा ठेवला तेव्हा उलगडा झाला. मनी कमानीतून डोके घालून खाऊ लागली, की ढब्बू मागच्या बाजूने येत असे, उघडलेल्या झाकणाच्या फटीतून गाल घासत तोंड आत घालत असे, आणि ती भित्री असल्याने दोन घासांत बाजूला होत असे. झाकण मिटायला जे काही सेकंद लागतात तेवढ्यात तो जमेल तितके उचलत असे. यंत्राच्या लेखी झाकण मनीच्या चिपवर उघडले होते, त्यामुळे ढब्बूने खाल्लेला प्रत्येक ग्रॅम मनीच्या खात्यावर जमा होत होता.

या प्रकारच्या फीडरची सर्वांत मोठी मर्यादा इथे आहे. झाकण कोणासाठी उघडले हे त्याला कळते. खाल्ले कोणी हे त्याला कळत नाही. दुसऱ्या प्राण्याची चिप कमानीत आली तर झाकण ताबडतोब मिटवण्याची सोय आमच्या फीडरमध्ये आहे आणि ती उत्तम चालते, पण मागून घुसणाऱ्याची चिप कमानीजवळ येतच नाही. त्यावरचा इलाज म्हणजे फीडरच्या मागे बसवायचे पारदर्शक आवरण, आणि ते वेगळे विकत घ्यावे लागते. ते बसवल्यावर, आणि झाकण मिटण्याचा विलंब सर्वांत कमी केल्यावर, मनीच्या आलेखातले आकडे खाली आले, काट्यावरचे तिचे वजन मात्र स्थिर झाले. आणि ढब्बूचे अडून बसलेले वजन त्याच सुमारास पुन्हा उतरू लागले. अॅपच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर ते मांजराच्या स्वतःच्या वजनाशी ताडून पाहिलेच पाहिजेत. आकडा आणि काटा यांचे जुळत नसेल, तर आधी आजार नाही ना हे पाहावे आणि मग चोर शोधावा.

फीडर कुठे ठेवायचा यालाही तितकेच महत्त्व आहे. मांजर एकट्याने शिकार करणारे आणि एकट्याने खाणारे जनावर आहे. वाट्या ओळीने मांडल्या, तर शेजारी कोण आहे याचे दडपण घेऊन दबकी मांजरे भराभर खातात किंवा उठून जातात. दोन फीडर एकमेकांच्या नजरेआड, शक्यतो वेगळ्या खोल्यांत असावेत. चिपवाचन चुंबकीय क्षेत्रावर चालत असल्याने धातूच्या फळीवर फीडर ठेवला की वाचन चुकते, हेही लक्षात ठेवावे. भिंतीला पाठ लावून ठेवल्यास मागची चोरी काही अंशी थांबते, परंतु खाणाऱ्या मांजराची पाठ खोलीकडे होते आणि भित्र्या मांजरांना ते आवडत नाही. आम्ही फीडर कोपऱ्यात तिरका ठेवला आहे, म्हणजे मनीला खाताना दार दिसते.

कुत्र्याच्या बाबतीत फीडर जवळजवळ कुचकामी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. चोराला ओळखण्याची सारी व्यवस्था चिप कमानीत येण्यावर अवलंबून आहे. कुत्र्याचे तोंड लांब आणि चिप खांद्यांत, त्यामुळे उघड्या वाटीत त्याचे तोंड पोचते तेव्हा चिप कमानीपासून बरीच दूर असते. बंद झाकणाला नाकाने ढोसणे आणि फीडर लोटत नेणे हे निराळेच. मांजरांच्या खाद्यातले चरबी आणि प्रथिनांचे प्रमाण कुत्र्याला जड जाते; पोट बिघडते, आणि काही कुत्र्यांत स्वादुपिंडाचा दाह होण्याचा धोका असतो. उलट मांजराने कुत्र्याच्या खाद्यावर राहणे अधिक घातक, कारण टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते खाद्यातूनच मिळावे लागते. त्याच्या कमतरतेने मांजराच्या हृदयाचा स्नायू कमकुवत होतो, हे १९८७ साली दाखवून दिले गेले आणि त्यानंतर मांजरांच्या खाद्यातले टॉरिन वाढवण्यात आले. कुत्र्याच्या खाद्यात ते मांजराला पुरेल इतके असेलच असे नाही. कुत्र्यावरचा उपाय यंत्रात शोधू नये. मांजरांना उडी मारून जाता येईल अशी उंच जागा, किंवा मांजर शिरेल पण कुत्रा शिरणार नाही एवढेच उघडणारे दार, हे त्याहून खात्रीचे. म्हाताऱ्या मांजराला उंच उडी झेपत नाही, म्हणून मनीसाठी आम्ही दाराचा मार्ग निवडला.

सेलचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. फीडर चार मोठ्या सेलवर चालतो आणि ते बरेच महिने टिकतात. सेल उतरू लागले की लाल दिवा लुकलुकतो, अॅपवर सूचना येते. पण ती दुर्लक्षित राहिली आणि सेल पूर्ण संपले, तर झाकण ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहते, आणि बहुतेक वेळ ते बंदच असते. भुकेले मांजर बंद झाकणासमोर बसून राहील, ही कल्पना नुसती दुःखद नाही, ती धोक्याची आहे. मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. म्हणूनच मांजराला उपाशी ठेवून वजन उतरवण्याचा विचारही करू नये, आणि कोणत्याही कारणाने मांजर चोवीस तासांहून अधिक काळ खात नसेल तर पशुवैद्यांना गाठावे. घराबाहेर राहण्याचा प्रसंग असेल तेव्हा आम्ही नवे सेल घालतो आणि शिवाय रोज कोणीतरी येऊन पाहील अशी व्यवस्था करतो. पुन्हा भरता येणाऱ्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) साध्या सेलपेक्षा कमी असतो, त्यामुळे ते वापरले तर सूचना लवकर येते; ती खोटी समजून दुर्लक्ष करण्याची सवय लागणे वाईट, म्हणून मी साधेच सेल वापरतो.

साफसफाईविषयी थोडक्यात. वाटी आणि तिच्याखालची चटई निघते आणि सहज धुता येते. झाकणाच्या आतल्या बाजूची रबरी कड मात्र त्रासदायक आहे. ओले खाद्य तिच्या खाचेत साठते, वाळून कडक होते, आणि मग झाकण केसभर उघडे राहते. तेवढ्या फटीतून वास येऊ लागला की ढब्बू तिथे पंजा घालून झाकण उचकटू पाहतो. मऊ ब्रशने ती खाच रोज पुसावी लागते. झाकणामुळे ओले खाद्य उघड्या वाटीपेक्षा सावकाश वाळते, हे खरे, पण ते खराब व्हायचे थांबत नाही. काही तासांनी उरलेले टाकून द्यावे आणि उष्ण हवेत त्याहूनही लवकर.

फीडर न घेता हे काम होते का? पुष्कळ घरांत होते. सर्व मांजरे निरोगी असतील, ठरावीक वेळी बसून पंधरा-वीस मिनिटांत खाणे संपवत असतील आणि कोणीतरी त्या वेळी घरी असेल, तर वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून खायला घालणे हा बिनखर्चाचा आणि बिनचूक मार्ग आहे, आणि मी आधी तोच करून पाहायला सांगेन. ठरलेल्या वेळी आपोआप खाद्य टाकणारे यंत्र हा मात्र या प्रश्नावरचा उपाय नाही. ते वेळ पाळते, पण पुढ्यात कोण आले आहे हे त्याला कळत नाही, आणि दोन मांजरांत जे धिटाईचे असते तेच सगळे खाते. चिपचा फीडर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो एखादे मांजर दिवसभर थोडे थोडे खाणारे असेल, किंवा कोणाला उपचारात्मक खाद्य चालू असेल, तेव्हाच.

वजन उतरवण्याच्या कामात फीडरचा वाटा मर्यादित होता, हे नोंदवतो. ढब्बूसाठी प्रथिने आणि जीवनसत्त्वे भरपूर पण ऊर्जा कमी असे खास खाद्य निवडले गेले, कारण नेहमीचेच खाद्य फार कमी केले तर ऊर्जेबरोबर पोषणही घटते. खाऊचे तुकडे दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवले आणि तेही त्या १८७ किलोकॅलरींतूनच वजा केले. घरातल्या प्रत्येकाला हे पटवून द्यावे लागले, कारण लाडाने दिलेला तुकडा कुठल्याही यंत्रात नोंदला जात नाही. मधे एकदा वजन अडले तेव्हा पशुवैद्यांनी माप आणखी थोडे कमी केले. ढब्बू आता ५.३ किलोंचा आहे. शेपटीच्या मुळाशी, जिथे जाडीमुळे त्याची जीभ पोचत नसे आणि कोंडा साठून केसांच्या गाठी होत, तिथले केस पुन्हा स्वच्छ आणि मऊ झाले आहेत. वरून पाहिले की कंबर दिसते, आणि खिडकीच्या कट्ट्यावर तो आता मधल्या खुर्चीचा आधार न घेता उडी मारतो. त्याच काळात मनीचे वजन टिकून राहिले आणि चिंगीचे वयाप्रमाणे वाढले. एकाच घरात एकाचे वजन उतरावे, दुसऱ्याचे टिकावे आणि तिसऱ्याचे वाढावे, हे वाट्या वेगळ्या राखल्याशिवाय जमले नसते, आणि आमच्या दिनक्रमात त्या फीडरशिवाय वेगळ्या राहिल्या नसत्या. त्यासाठी मी त्याला पाचांपैकी चार गुण देईन.

उरलेला एक गुण कंपनीने तीन गोष्टी सुधारल्या तर देता येईल. मागचे आवरण खोक्यातच मिळाले पाहिजे, कारण त्याच्याशिवाय अनेक मांजरांच्या घरात फीडर आपले मुख्य कामच करत नाही. रबरी कड वाटीसारखी काढून धुता आली पाहिजे. आणि सेल संपत आले की झाकण शेवटच्या शक्तीनिशी उघडून तसेच राहिले पाहिजे. त्या दिवशी चोरी झाली तरी चालेल, पण आजारी मांजर उपाशी राहता कामा नये.